घड्याळ हलवू नये

लिनक्स असलेल्या संगणकाचा सत्यानाश करायला एक ओळ पुरते. काळ्या खिडकीत 'आरएम' लिहायचं, पुढे दोन अक्षरं आणि एक तिरकी रेघ टाकायची आणि मालकाच्या अधिकारात एंटर मारायचं. पूर्वी एवढ्यावर सगळं साफ व्हायचं. आता बऱ्याच वर्षांपासून ती आज्ञा एकदा अडवते. हे धोक्याचं आहे असं म्हणते आणि त्याच दमात सांगते, की खरोखरच करायचं असेल तर अमुक एक शब्द जोडून परत लिहा. कुठल्याही खिडकीवर 'हे इथे होणार नाही' एवढंच ऐकायची सवय असलेल्या माणसाला ही अदब पाहून भरून येतं.

आता त्याच संगणकावर वरच्या पट्टीच्या मधोमध बसलेलं घड्याळ उजव्या कोपऱ्यात न्यायला निघा. डेस्कटॉप ग्नोम आहे असं धरू, कारण फेडोरा किंवा उबुंटू घेतलं तर न मागता तोच पदरात पडतो. घड्याळावर राइट क्लिक करा. 'हलवा' नावाचं काही दिसत नाही. धरून ओढा. ढिम्म. सेटिंग्ज उघडा. वेळ बारा तासांची हवी की चोवीस तासांची, हे विचारतील. वार हवा का, सेकंद हवेत का, तेही अगत्यानं विचारतील. घड्याळ कुठे हवं हे मात्र विचारत नाहीत. ते ठरलेलं आहे. कधी ठरलं, कोणी ठरवलं आणि तेव्हा आपण कुठे होतो, हे विचारण्यात अर्थ नाही.

सगळं फुंकून टाकण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला घड्याळ वीतभर सरकवण्याचा नाही. या एका गोष्टीवरून लिनक्सच्या जगात पंधरा-सोळा वर्षं जे रण माजलं आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हळूच खुर्ची मागे सरकवतो.

पॅनेल म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो. पडद्याच्या वर किंवा खाली असते ती पट्टी. तिच्यावर घड्याळ, आवाजाचा कर्णा, वायफायचा पंखा, उघड्या खिडक्यांची नावं. विंडोजवाले तिला टास्कबार म्हणतात. उंची जेमतेम बोटभर. पण दिवसातून शंभरदा नजर जाते ती तिथेच, त्यामुळे तिथली एक वस्तू इकडची तिकडे झाली तरी माणसाचं दिवसभर कशात लक्ष लागत नाही. फाइली गेल्या तर माणूस हळहळतो. पॅनेल बदललं तर पेटून उठतो.

जुने लोक अजून ज्याच्या आठवणी काढतात तो काळ ग्नोम २ चा. २००२ ते २०११. तेव्हा पॅनेलवर कुठेही राइट क्लिक केलं की 'पॅनेलमध्ये भर घाला' असं यायचं आणि पुढे वस्तूंची लांबलचक यादी उघडायची. हवामान, शब्दकोश, प्रोसेसरचा आलेख, माऊस जाईल तिकडे बुबुळं फिरवणारे दोन डोळे. आणि वांडा. वांडा हा मासा होता. पॅनेलवर नुसता शेपटी हलवत राहायचा. त्याच्यावर क्लिक केलं की तो काहीतरी भविष्य नाहीतर सुभाषित सांगायचा. एक एप्रिलला तो मरून पडलेला दिसायचा, आणि क्लिक केलं तर पाणी बदलायला हवं, आजची तारीख बघा, अशी सूचना यायची. याचा कामाशी काय संबंध, असं तेव्हा कोणी विचारलं नाही. पट्टी आपली आहे, तिच्यावर मासा पाळायचा की दिवसभर डोळे फिरवणारं कोणी बसवायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न होता.

कुलूप त्या काळातही होतं, हे मात्र त्या आठवणी काढणारे सोयीस्कर विसरतात. कुठल्याही वस्तूवर राइट क्लिक केलं की 'काढून टाका' आणि 'हलवा' यांच्याखाली 'पॅनेलला कुलूपबंद करा' असा एक चौकोन असायचा. त्यात खूण केली की वरच्या दोन्ही ओळी करड्या व्हायच्या. खूण काढली की परत जिवंत. कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगलेली. पण हे कळायला आधी राइट क्लिक करावं लागतं, करडी ओळ का करडी आहे याचा विचार करावा लागतो आणि तिच्याखालची खूण दिसावी लागते. करड्या ओळीवर माणूस सहसा पुन्हा पुन्हा क्लिक करतो, प्रत्येक वेळी जरा जास्त जोरात. घडत काहीच नाही. मग तो फोन उचलतो. घरात संगणकातलं कळणारा एक जण असला की बाकीच्यांना खालची ओळ वाचण्याचं कारण उरत नाही.

मग आलं २०११. एप्रिल महिन्यात ग्नोम ३ आलं आणि त्याच महिन्यात उबुंटूनं युनिटी नावाचा स्वतःचा थाट मांडला. लिनक्सवाल्यांवर दोन्हीकडून एकदम संक्रांत आली, तीही एप्रिलमध्ये.

ग्नोम ३ नं पॅनेल ठेवलं, पण त्यातला जीव काढून घेतला. भर घालणं बंद, हलवणं बंद, मासा गेला. खिडक्यांच्या कोपऱ्यातली लहान-मोठी करण्याची बटणंही गेली. संगणक बंद करायचं बटणसुद्धा दिसेना. मेनूत 'निद्रिस्त करा' एवढंच होतं, आणि आल्ट ही कळ दाबून धरली की त्याच जागी 'बंद करा' प्रकट व्हायचं. आधी हे माहीत असल्याशिवाय कळणार कसं, याला उत्तर नव्हतं. लोकांनी भिंतीवरचं बटण दाबून संगणक बंद केले. ते बटण २०१२ मध्ये उजळ माथ्यानं परत आलं, पण तोवर कित्येकांचा विश्वास उडाला होता.

ज्यांच्या जुन्या यंत्रांना हा नवा थाट झेपत नव्हता, त्यांच्यासाठी ग्नोम ३ मध्ये जुन्यासारखी दिसणारी एक पर्यायी व्यवस्था ठेवली होती. दिसायला तेच पॅनेल, तीच जागा. माणसं आनंदानं त्यावर राइट क्लिक करायची आणि काहीही उघडायचं नाही. तिथेही आल्ट धरून राइट क्लिक करायचं होतं. काही मांडण्यांमध्ये आल्टबरोबर विंडोजची कळही धरायची. दोन बोटं डाव्या हाताची, एक उजव्या हाताचं आणि नजर बोटभर उंचीच्या पट्टीतल्या रिकाम्या जागेवर, कारण चुकून एखाद्या चिन्हावर क्लिक झालं की तेच उघडणार. कारण विचारलं तर सांगत, चुकून पॅनेल बिघडू नये म्हणून. ते मात्र साधलं. चुकूनही बिघडत नव्हतं आणि ठरवूनही बिघडत नव्हतं.

यामागे विचार होता, आणि तो वेडगळ नव्हता. ग्नोमच्या जडणघडणीत असलेले हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्येच एक निबंध लिहून ठेवला होता. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक पर्यायाची किंमत मोजावी लागते. दहा ठिकाणी होय-नाहीचे चौकोन ठेवले की त्यांची मांडणी १,०२४ प्रकारे होते. वीस ठेवले तर १०,४८,५७६ प्रकारे. (हे गणित माझं. पेनिंग्टन यांच्या माथी मारू नका.) एवढ्या सगळ्या मांडण्या तपासायला माणसं कुठून आणायची? आणि दोनशे पर्यायांच्या जंगलात हवा तो पर्याय सापडणार कोणाला? त्यापेक्षा मुळातच नीट बनवा. हे वाचताना मान डोलते. फक्त 'नीट' म्हणजे काय, इथे येऊन ती थांबते. घड्याळ मधोमध असणं हेच नीट, असं ज्यांनी ठरवलं त्यांच्याशी भांडण आहे, पर्याय कमी करण्याशी नाही. आपल्याला नको असलेले पर्याय काढले तर कोणाची कसलीच तक्रार नसते.

युनिटीची तऱ्हा वेगळी. तिथे चिन्हांची उभी पट्टी डाव्या कडेला होती आणि तिथेच राहणार होती. लोक म्हणाले, खाली नेऊ द्या. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी स्वतः उत्तर दिलं, की ही पट्टी उबुंटूच्या बटणाजवळ असणं हा एकूण रचनेचा भाग आहे, त्यामुळे ती हलणार नाही. निदान उत्तर आलं. माणूस श्रीमंत असो, अंतराळात जाऊन आलेला असो (ते २००२ मध्ये खरोखरच जाऊन आले होते), पट्टी का हलत नाही हे स्वतः सांगायला येतो म्हणजे थोर. पृथ्वीभोवती फिरून आलेल्या माणसाला पट्टीनं एका जागी बसावं असं वाटावं, हे मात्र गूढ आहे. पाच वर्षं लोकांनी धोशा लावला. २०१६ च्या एप्रिलमध्ये एकदाची परवानगी मिळाली, हवी तर पट्टी खाली न्या. उजवीकडे मात्र नाही. आणि पुढच्या एप्रिलमध्ये शटलवर्थ यांनी युनिटीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पट्टी खाली नेऊन, चिन्हं नीट लावून ज्यांनी जेमतेम घडी बसवली होती, त्यांचं काय झालं असेल ते झालं. उबुंटू ग्नोमकडे परतलं आणि सोबत स्वतःची एक पट्टी घेऊन गेलं. ती आज डावीकडे, उजवीकडे किंवा खाली नेता येते. वर नाही. वर घड्याळ आहे ना!

केडीई हा दुसरा डेस्कटॉप यातला उदार पक्ष. तिथे सगळंच बदलता येतं, इतकं की काय बदलायचं होतं हे विसरायला होतं. पण त्यांच्याही घरात एक प्रकरण होऊन गेलं, ते काजूचं.

२००८ च्या जानेवारीत केडीई ४ आलं. डेस्कटॉपच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह होतं. त्याच्यावर क्लिक केलं की डेस्कटॉपवर वस्तू मांडण्याची अवजारं उघडायची. चिन्हाचा आकार काजूसारखा, म्हणून सगळे त्याला काजूच म्हणू लागले. त्याचा उपयोग होता, दिसायलाही वाईट नव्हतं. फक्त ते काढता येत नव्हतं. भिंत बदला, रंग बदला, अक्षरं बदला, काजू तिथेच. लोक विनवण्या करून थकले. करणाऱ्यांचं म्हणणं, की तो काढला तर नवख्या माणसाला डेस्कटॉप सजवण्याचा मार्गच सापडणार नाही. शेवटी कोणा वैतागलेल्यानं एक वेगळी वस्तू लिहिली. तिचं काम एकच, काजू नाहीसा करायचा. आणि तिचं नावच मुळी 'मला काजूचा तिटकारा आहे' अशा अर्थाचं ठेवलं. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात काजू आणला त्याला चारशे वर्षं होऊन गेली, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं त्याच्या एकामागून एक जाती काढल्या, पण कोपऱ्यातून हलायला तयार नसलेली जात काढली ती केडीईनं. काजूचा तिटकारा आहे असं जाहीरपणे लिहिणारा माणूस कोकणातला नसणार एवढं नक्की.

त्याच केडीईत पुढे दुसरी गंमत झाली. तिथे 'वस्तूंना कुलूप लावा' अशी सरळ सोय होती. लावलं की काही हलत नाही, उघडलं की सगळं हलतं. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांनी ही सोय मेनूतून काढली. आता वेगळी 'संपादन अवस्था' आहे, तिच्यात शिरल्याशिवाय तसंही काही हलत नाही, मग कुलूप कशाला, असा त्यांचा हिशेब. तो बरोबरही होता. पण ज्यांनी आजवर कुलूप लावून ठेवलं होतं ते खवळले. आमचं कुलूप कुठे आहे? हलत नाही हे ठीक, पण हलणार नाही याची खात्री कोण देणार? त्यांच्यासाठी काळ्या खिडकीत लिहायची एक ओळ शिल्लक आहे. ती लिहिली की कुलूप लागतं. ते उघडायलाही ओळच लिहावी लागते, आणि ती ओळ कुठे लिहून ठेवली होती हे शोधण्यात संध्याकाळ जाते. ग्नोमवाले कुलूप निघत नाही म्हणून रडतात, केडीईवाले कुलूप मिळत नाही म्हणून. दोघांना समोरासमोर बसवलं तर निदान अर्ध्या तक्रारी मिटतील असं वाटतं, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत.

ग्नोममध्ये घड्याळ अजिबातच हलत नाही असंही नाही. हलतं, पण सरळ मार्गानं नाही. एक्स्टेन्शन नावाचे छोटे जोड मिळतात. कोणी परोपकारी माणूस फावल्या वेळात लिहितो आणि फुकट देतो. घड्याळ हलवायचा जोड आहे, पट्टी खाली नेऊन ती विंडोजसारखी करणारा जोड आहे, ग्नोमनं काढून टाकलेली कोपऱ्यातली चिन्हं परत आणणारा जोड आहे. असे सात-आठ जोड लावले की ग्नोम हुबेहूब ग्नोम २ सारखं दिसतं. फक्त सहा महिने. कारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि प्रत्येक जोडाच्या आत एका बारक्या फाइलीत लिहिलेलं असतं, की मी अमुक आवृत्तीपर्यंत चालेन. नवी आवृत्ती आली की जोड शिस्तीत बंद पडतो. घड्याळ परत मधोमध येऊन बसतं, जणू सुट्टीवर गेलं होतं. काही जण मग त्या फाइलीत हातानं पुढचा आकडा घालतात. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. २०२३ च्या सप्टेंबरात मात्र ४५ वी आवृत्ती आली आणि जोड लिहिण्याची पद्धतच आतून बदलली. आकडा वाढवून काही होईना. जुना प्रत्येक जोड नव्यानं बेतावा लागला. फावल्या वेळात काम करणाऱ्यांचा फावला वेळ कधी येतो याची वाट बघत लोक मधोमधच्या घड्याळात वेळ बघत बसले.

विंडोजवाले अशा वेळी फिदीफिदी हसायचे. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्यांचा टास्कबार वर किंवा बाजूला नेण्याची सोय गेली, तेव्हापासून कमी हसतात.

या सगळ्यात थेट लिनस टोरवाल्ड्सही सुटला नाही. लिनक्सचं कर्नेल ज्यानं लिहायला घेतलं, आजही ज्याच्या होकाराशिवाय त्यात काही शिरत नाही, तो माणूस २०११ मध्ये ग्नोम ३ वर जाहीरपणे भडकला आणि एक्सएफसीई नावाच्या साध्यासुध्या डेस्कटॉपकडे निघून गेला. पुढे तो ग्नोमकडे परतला, आणि परतताना त्यानंही तेच केलं जे सगळे करतात. जोड लावले. जगभरच्या फोनच्या आणि सर्व्हरच्या पोटात काय चालावं हे जो ठरवतो, त्यालाही आपल्या पडद्याची पट्टी नीट करायला कोणाच्या तरी फावल्या वेळातल्या कामाची मदत लागली. त्या दिवसापासून मला माझ्या स्वतःच्या पट्टीबद्दल फारसं वाईट वाटत नाही.

बाहेरचा माणूस हे ऐकून म्हणतो, अरे पण तुमचं ते मुक्त सॉफ्टवेअर ना? स्वातंत्र्य वगैरे? तर आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी चार स्वातंत्र्यं सांगितली आहेत आणि खऱ्या प्रोग्रामरसारखी त्यांची मोजणी शून्यापासून केली आहे. शून्य, प्रोग्राम हवा तसा चालवण्याचं. एक, तो आतून बघण्याचं आणि बदलण्याचं. दोन, त्याच्या प्रती वाटण्याचं. तीन, बदललेल्या प्रतीही वाटण्याचं. चारही वाचा, खालून वर वाचा, घड्याळ हलवण्याचं स्वातंत्र्य त्यात नाही. घड्याळ हलवणारा प्रोग्राम स्वतः लिहिण्याचं स्वातंत्र्य आहे. दोन्हींत चार-पाच वर्षांच्या अभ्यासाचं अंतर पडतं. आणि ज्याला प्रोग्राम लिहिता येतो तो म्हणतो, मी कशाला लिहू, मी तर काळ्या खिडकीतच असतो, मला पॅनेल लागतच नाही.

काही जणांनी खरंच लिहिलं. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळात मूर्ती कुठल्या बाजूला बसवायची यावरून वाजतं, मग वर्गणीचं दुसरं पुस्तक छापून पुढच्या गल्लीत दुसरं मंडळ उभं राहतं, दोन्ही मंडळं आपणच मूळचे म्हणून स्थापनेचं एकच साल लिहितात, आणि काही वर्षांनी दुसऱ्या मंडळातही मूर्तीच्या बाजूवरून वाजतं. लिनक्समध्ये नेमकं हेच चालतं, फक्त पोलीस परवानगी लागत नाही. २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या एका वैतागलेल्या माणसानं ग्नोम २ ची सगळी संहिता उचलली आणि ती पुढे चालवायला घेतली. तिकडच्या कडू पेयावरून तिचं नाव ठेवलं माते. लिनक्स मिंटवाल्यांनी ग्नोम ३ च्या पायावर जुन्या वळणाचं सिनॅमन उभं केलं. केडीई ४ आणि त्यातला काजू ज्यांना सोसवला नाही त्यांनी केडीई ३ ला ट्रिनिटी नावानं जिवंत ठेवलं. मातेनं जाताना मासाही नेला. तो अजून तिथे शेपटी हलवतो. आणि पॅनेलला टाळं ठोकायची व्यवस्थाही नेली, कारण ती नको असं कोणीच म्हणालं नव्हतं.

कुलूप मुळात कोणाला हवं असतं, हे मला मामांच्या संगणकामुळे नीट समजलं.

मामा चिपळूणला असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रामदैवताच्या देवस्थानाचा पत्रव्यवहार अंगावर घेतला आणि त्यासाठी एका कॉलेजच्या लॅबमधून मोडीत काढलेला संगणक स्वस्तात आणला. त्यावर लिनक्स होतं, डेस्कटॉप एक्सएफसीई. मराठी टायपिंगची सोयही होती. पण कळफलक या घटकेला मराठी आहे की इंग्रजी, हे पट्टीवर दिसत नव्हतं, त्यामुळे मामांचं प्रत्येक पत्र 'सप्रेम नमस्कार'ऐवजी इंग्रजी अक्षरांच्या उलटीनं सुरू व्हायचं. उलट पट्टीवर 'अटेंडन्स' नावाचं एक चिन्ह होतं. ते दाबलं की अशी फाइल नाही, आज्ञा चालवता आली नाही, असा निरोप यायचा. मामांनी चिन्ह काढायला राइट क्लिक केलं, तर वेगळाच निरोप आला. तो त्यांनी मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखवला.

"पॅनेल किऑस्क पद्धतीनं चालू आहे, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला त्यात बदल करता येणार नाहीत, असं इंग्रजीत लिहिलंय. सामान्य वापरकर्ता कोण?"

"तुम्ही, मामा."

"पैसे कोणी मोजले?"

"तुम्ही."

"मग?"

मग मी त्यांना समजावलं, की लॅबमध्ये पोरं पट्टी उलटीपालटी करतात, चिन्हं उडवतात, म्हणून कॉलेजवाल्यांनी ती व्यवस्थापकाच्या नावानं बंद करून ठेवली. हे काम एका फाइलीत होतं. वरच्या ओळीत लिहायचं, 'लॉक्ड' बरोबर तारा, म्हणजे सगळ्यांना बंद. आणि 'अनलॉक्ड' बरोबर रूट, म्हणजे एकट्या मालकाला खुलं.

"आणि तो मालक?"

"पासवर्ड असेल तो."

"तो कोणाकडे?"

कॉलेजमधल्या ज्या माणसानं ठेवला होता तो नोकरी सोडून गेला होता, हे मामांनी आधीच शोधून काढलं होतं. देवस्थानाच्या जमिनीचे सातबारे शोधण्याचा अनुभव कामी आला.

मग व्हिडिओ कॉलवर आम्ही संगणक चालू होतानाच अडवला, दुरुस्तीच्या दारानं आत शिरलो आणि रूट झालो. पासवर्ड कोणी विचारला नाही. कळफलक हाती असलेल्या माणसाला सगळा संगणक ताब्यात घ्यायला चहा निवण्याइतका वेळ पुरला. त्या दारातून मामा सगळ्या विद्यार्थ्यांच्या जुन्या फाइली वाचू शकले असते, डिस्क कोरी करू शकले असते. त्यांना 'अटेंडन्स' काढायचं होतं. मी सांगत गेलो, ते एका बोटानं लिहीत गेले. तिरकी रेघ कुठली, यावर थोडा वाद झाला. तारा खोडला, फाइल जतन केली, पुन्हा आत शिरलो आणि राइट क्लिक केलं. मेनू उघडला, सगळ्या ओळी काळ्या कुळकुळीत.

पुढचा अर्धा तास मामांनी मला बोलू दिलं नाही. कळफलकाचं चिन्ह आलं. 'अटेंडन्स' गेलं. पट्टी वर गेली, मग आवडली नाही म्हणून खाली आली. घड्याळ उजव्या कोपऱ्यात बसलं, त्याच्यापुढे वार, त्याच्यापुढे आणखी एक घड्याळ, अमेरिकेतल्या मुलीची वेळ दाखवणारं. ते मागे टेकून बसले तेव्हा पडद्यावर प्रकाश कमी आणि चेहऱ्यावर जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"अरे, ते कुलूप परत कसं घालायचं?"

"कुठलं?"

"कॉलेजचं. काल संध्याकाळी तुझ्या दादाची पोरगी येऊन बसली इथे. आता अमेरिकेचं घड्याळ वर आहे आणि पट्टी उभी झालीय."

पट्टीच्या सेटिंगमध्ये 'पॅनेल लॉक करा' असा चौकोन आहे, त्यात खूण करा, मी म्हणालो. ती ओढली जाणार नाही.

"आणि राइट क्लिक करून काढलं तर?"

"तर निघेल."

"मग त्याचा काय उपयोग? तो तारा परत घाल."

आम्ही परत फाइल उघडली. तारा घातला. 'अनलॉक्ड'च्या पुढे रूट आणि त्यापुढे अर्धविराम देऊन मामांचं नाव. त्या यादीत आणखी नावं घालता येतात हे त्यांना कळलं तेव्हा ते जरा थांबले.

"मामींचंही वेगळं खातं आहे ना त्यावर," मी म्हणालो, "त्यांचंही नाव घालू?"

मामांनी दार लोटल्याचा आवाज आला. मग फोन तोंडाजवळ घेऊन ते म्हणाले, "नको. तिला घड्याळ डावीकडे लागतं."